मागच्या सीटखालचा वास

विषय : माझ्या जुन्या मोटारीत येणाऱ्या जळक्या वासाबाबत.
संदर्भ : वागळे इस्टेटमधील गॅरेजवाले मारुती यांची तोंडी टिप्पणी, सोमवार, सकाळी अकरा.

मोटार एकोणीस वर्षांची. पूर्वी आमच्याच कार्यालयाची होती. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. निवृत्तिवेतन चालू आहे. मी निवृत्त झालो त्याच वर्षी तीही निकामी ठरली. लिलावात मी तिला घेतले. मला कोणी घेतले नाही.

आठ दिवस मागच्या सीटवर जळका वास येत होता. मुलगी ऋजुता बाळंतपणाला नौपाड्यात आमच्याकडे आलेली, दिवस भरत आलेले. तिला याच गाडीतून दवाखान्यात न्यायचे, हा माझा हट्ट.

"आधी वास घालवा," बायकोने, हेमाने बजावले. "माझी पोर त्या गाडीत अशी बसणार नाही."

मारुतीने बॉनेट उघडले. क्लच पाहिला, वायरी चाचपल्या, खाली सरपटत जाऊन सायलेन्सर हुंगला.

"क्लच ठीक आहे साहेब. ऑइल पण कुठे गळत नाय."

शेवटी त्याने बॅटरीच काढून बाजूला ठेवली. वास वाढला.

मारुती मागच्या दारातून आत वाकला आणि तसाच थांबला.

"साहेब... हा वायरचा वास नाय. कागद जळतोय. आणि सीलची लाख."

तो वास मला पाठ होता. पंधरा वर्षांपूर्वी तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही नष्ट करायच्या फायली कार्यालयामागे जाळल्या. एक गठ्ठा मी न उघडताच आगीत टाकला. त्यात शांताबाई नावाच्या विधवेचा घराच्या वारसनोंदीचा अर्ज होता. जळाला असे लिहिले तर चौकशी लागते. प्रलंबित लिहिले तर काहीच लागत नाही. मी प्रलंबित लिहिले. ती सहा वर्षे येत राहिली. "पुढच्या सोमवारी या, बाई," मी म्हणायचो. एका सोमवारी माझ्या टेबलासमोरच कोसळली. याच मोटारीच्या मागच्या सीटवर घालून तिला दवाखान्यात नेले. वाटेतच गेली.

"सीट काढ," मी म्हणालो.

सीटखाली मूठभर राख होती. गरम. राखेत अर्जाचा खालचा तुकडा, कडेने अजून लाल. त्यावर आवक शिक्का, शिक्क्यात आजची तारीख, आणि शेजारी माझी सही. मारुतीचा अंगठा लागला तशी ओली शाई पसरली.

"ही तुमचीच सही ना, साहेब?"

मी उत्तर देणार तोच मोबाइल वाजला. ऋजुता.

"बाबा, एक आजी आल्यात. तुम्ही आज बोलावलं म्हणतात. आत बसवलंय."

"आई कुठे आहे?"

"भाजीला गेलीये. बाबा, त्यांचे हात काळे आहेत हो... कोळशासारखे. पाणी दिलं तर घेत नाहीत. नुसत्या माझ्या पोटाकडे..."

"ऋजू, बाहेर ये. शेजारी जा!"

"थांबा हं... काहीतरी जळतंय वाटतं."

फोन बंद झाला.

रिक्षाने घरी कसा पोचलो, आठवत नाही. दार उघडे होते. ऋजुता पलंगावर बसलेली, धडधाकट. समोरची खुर्ची रिकामी होती.

"आत्ता इथेच होत्या," ती म्हणाली. "विचारत होत्या, वारस कधी येणार म्हणून."

मी खुर्चीवर हात ठेवला आणि झटकन उचलला. तळव्याला फोड आला.

मोटारीतला वास त्याच दिवशी गेला. आता तो ऋजुताच्या खोलीत येतो. गॅस तपासला, वायरी बदलल्या. तिला हेमाच्या बहिणीकडे हलवले. वास तिथेही पोचला.

दुसऱ्याच दिवशी मी जुन्या कार्यालयात जाऊन शांताबाईंच्या नावाने वारसनोंदीचा अर्ज नव्याने केला, मूळ अर्ज माझ्या हातून जळाल्याच्या लेखी कबुलीसह. काल चौकशीला गेलो. माझ्या जुन्या टेबलावर आता मेघना मॅडम बसतात. त्यांनी मान वर केली नाही.

"पुढच्या सोमवारी या, आजोबा."

ऋजुताला डॉक्टरांनी दिलेली तारीख सोमवारचीच आहे. अर्ज प्रलंबित आहे.