बाबांच्या खोलीतलं बटण

मे महिन्यात नागपुरात दुपारी कूलर लावावा, खिडक्यांना जाड पडदे ओढावे आणि शहाण्या माणसानं गुमान आडवं व्हावं. वंदनाच्या नशिबी तेवढंही नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मधुकरराव, म्हणजे तिचे सासरे, खाटेवर होते. डोकं मात्र ठणठणीत. तिचा डोळा लागला रे लागला, की पलीकडच्या खोलीतून हाक यायचीच. "वंदना, लाइट लाव वं, पेपर वाचतो." दोन ओळी झाल्या की, "बंद कर वं, डोये दुखून राहिले." मग पाणी, मग उशी. नवरा सकाळीच बुटीबोरीला कारखान्यात जायचा, त्याला काय कळणार! बाईचा जीव मेटाकुटीला आला होता. एक अख्खी दुपार झोपायला मिळावी, एवढंच मागणं उरलं होतं तिचं.

पुण्याहून लेकानं, सौरवनं, बोलून चालणारी बटणं पाठवली. नुसतं "लाइट लाव" म्हणायचं, की दिवा लागणार. पण खामल्यातलं हे घर सासऱ्यांनी तरुणपणी बांधलेलं. इलेक्ट्रिशियन गिरिधरनं हॉल केला, स्वयंपाकघर केलं आणि नेमका बाबांच्या खोलीत येऊन कपाळ धरून बसला.

"ताई, या बोर्डात न्यूट्रलची तारच नाही. जुन्या वायरिंगमंदी असंच राह्यते. नवं बटण त्याच्याबिगर चालत नाही. नवी वायर टाका लागन. सोमवारी येतो."

"म्हंजे ज्याच्यासाठी केलं, तेच राहिलं!" वंदनाला रडू फुटायचंच बाकी होतं.

"तारा न जोडता टेप मारली. बटण नुसतं चिकटवलं. तवरोक लाइट लागनार नाही," म्हणत तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडली न पडली तोच हाक आली, "लाइट!" आज मेले तरी उठत नाही, म्हणत तिनं पदर डोक्यावरून घेतला. दाराखालच्या फटीतून उजेड आला. थोड्या वेळानं "बंद" ऐकू आलं आणि उजेड गेला. गिरिधरनं जाता जाता काहीतरी जुगाड केला असणार! त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत ती जी झोपली, ती थेट चहाच्या वेळेला उठली. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

मग रोज तसंच व्हायला लागलं. एकदा बाबांनी पाणी मागितलं. ती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला आणि बाबा म्हणाले, "बस झालं." वंदना डोकं तसंच अर्धवट उचलून ऐकत राहिली. भीती वाटली, खोटं कशाला बोलायचं? पण हाडन् हाड दुखत होतं, आणि भीतीपेक्षा झोप मोठी निघाली.

सोमवारी गिरिधर वायरचं बंडल घेऊन आला. बटण ओढताच हातात आलं. मागे टेप मारलेल्या तारा जशाच्या तशा होत्या.

"लाइट लागते म्हनता, पन लागन कसा जी? तार तं कुठंच जोडली नाही." त्यानं वर दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जोडूनच टाकतो आता."

"नको!" वंदना इतकी झटकन बोलली, की तिचं तिलाच नवल वाटलं. "राहू दे गा. चालून राहिलं ना."

"पन काहून?"

"मले झोप भेटून राहिली."

गिरिधरनं सामान गोळा केलं आणि पाणीही न पिता निघून गेला.

त्या दुपारी बाबांनी हाक मारली, "वंदना!"

"आली जी, बाबा."

उत्तर तिनं दिलं नव्हतं. आवाज मात्र तिचाच होता. तसाच दमलेला.

पलीकडे पावलं वाजली. बांगड्या वाजल्या.

वंदनानं भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. अंग कसं हलकं झालं होतं. चहा करून, कप घेऊन ती बाबांच्या खोलीत शिरली.

बाबांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. परक्या बाईकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "जरा हळू जी, बाई. सून आत्ताच झोपली आमची. लय थकली बिचारी."

खाटेशेजारी फरशीवर चादर अंथरलेली होती. तिच्यावर कोणी नव्हतं. उशीत डोक्याएवढा खळगा होता, आणि वंदना पाहत होती तेवढ्यात तो या कुशीवरून त्या कुशीवर सरकला.