बंपरवरचे दोन दिवे

ताईने गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली तेव्हा फ्यूज एका जुन्या स्टार्टर मोटरशी हुज्जत घालत बसला होता. त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. लहानपणी घरातल्या सॉकेटमध्ये कात्री घालून त्याने अख्ख्या गल्लीत अंधार केला, तेव्हापासून तो सगळ्यांचा फ्यूज. पुढे मोठा होऊन गाड्यांच्या वायरिंगचंच काम करायला लागला, तेव्हा ताई म्हणाली होती, “चला, कात्रीचा खर्च वसूल झाला.”

“दिवे आणलेत,” खोका त्याच्या मांडीवर ठेवत ताई म्हणाली. “आज बसवून दे. बहाणे नकोत.”

ताई जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर तिची ये-जा. गाय अडली की निरोप यायचा, आणि गाई काही उजेड बघून अडत नाहीत. मागच्या थंडीत धुक्यात तिला ओढ्यावरच्या मोरीचं वळण दिसलंच नव्हतं. गाडीचं पुढचं चाक कठड्याबाहेर हवेत फिरत राहिलं होतं. ती हकिकत तिने हसत हसत सांगितली खरी, पण ती गाडी तिने काढून टाकली आणि ही मोठी, उंच गाडी एका दलालाकडून जुनीच घेतली. गाडी दणकट होती. फक्त तिचे पुढचे दिवे गावात ठीक आणि डोंगरात लाजाळू.

फ्यूज पाठीवर झोपून बंपरखाली सरकला. कंपनीचा बंपर प्लास्टिकचा असतो. त्यालाच नुसते दिवे लटकवले तर खड्ड्याखड्ड्याला माना डोलवतात. म्हणून ब्रॅकेट आतल्या लोखंडी पट्टीला आवळायचं, त्यासाठी कुठे भोक पाडता येईल ते तो बोटांनी चाचपत होता. नेमक्या त्या जागी बोट खडबडीत भागावर अडलं. त्याने विजेरी मारली.

“ताई, इथे आधी भोकं होती.”

“मग बरंच झालं. तुझं काम वाचलं.”

“बुजवलीत. पुट्टी भरून, घासून, वरून रंग मारलाय. याच्यावर आधी दिवे होते.”

“काढले असतील.”

“अगं, गाडी विकताना माणूस दिवे चढवतो. उतरवत नाही.”

ताईने खांदे उडवले आणि चहा सांगायला गेली. फ्यूजने बॉनेट उघडलं. जुन्या दिव्यांची वायर अजून आत होती, बॅटरीमागे दडवलेली. तिचं टोक कापून टेप गुंडाळली होती. टेप सगळेच गुंडाळतात, पण ही वेढ्यावर वेढे घेत लिंबाएवढी झाली होती. वायरीतला करंट बाहेर येऊ नये म्हणून कुणी एवढी टेप वाया घालवत नाही. फ्यूजला ते टोक हातात धरवेना. त्याने ती वायर तशीच ठेवली आणि आपली नवी टाकली. बॅटरीपासून त्याच्या नावाचाच फ्यूज, मग रिले, मग केबिनच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून आत, आणि स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक लाल स्विच. पुट्टी खरवडून भोकं मोकळी केली. नवे ब्रॅकेट त्यात असे बसले, जसे काही घरी परत आले.

दिवस मावळल्यावर त्याने गाडी समोरच्या बंद गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून लावली. दिव्यांचा झोत नीट बसवायला भिंतच लागते. खडूने रेघ मारली, स्विच दाबला. भिंतीवर दोन पांढरे गोल उमटले.

मधे एक सावली होती.

खांदे, डोकं, दोन्ही बाजूंना सोडलेले हात. फ्यूजने काच पुसली. सावली तशीच. डावा दिवा काढून उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. सावली जागची हलली नाही. मग त्याने दिव्यापुढे आपला पंजा धरला, तर भिंतभर बोटं पसरली. म्हणजे दिव्याजवळच्या वस्तूची सावली मोठी पडते आणि भिंतीजवळच्या वस्तूची लहान. ही सावली माणसाच्या उंचीएवढीच होती. जे काही होतं ते भिंतीजवळ उभं होतं.

तो भिंतीपर्यंत चालत गेला. सावली त्याच्या अंगावर पडली नाही. त्याच्या शेजारी, भिंतीवरच राहिली.

“झालं का?” मागून ताईचा आवाज आला.

“झालं,” तो म्हणाला, आणि गाडीशी परत येऊन आधी स्विच बंद केला. “एक चक्कर मारून बघू या. मी येतो.”

गावाबाहेर पडेपर्यंत ताई बडबडत होती. कुठल्याशा वासराने तिच्या बुटाचे बंद खाल्ले होते. चढ लागला, दोन्हीकडची झाडं जवळ आली, हवेत ओल्या पाल्याचा वास आला.

“लावू का?” तिने विचारलं.

“लाव.”

लाल स्विच टचकन वाजला आणि रस्ता कुणी चादर ओढून काढावी तसा उघडा पडला. एक एक खडा दिसत होता. “वा रे पठ्ठ्या!” ताई म्हणाली.

उजेड जिथे संपत होता तिथे, रस्त्याच्या मधोमध, एक माणूस पाठमोरा चालत होता.

ताईने हॉर्न दिला. त्याने मान वळवली नाही. तिने वेग कमी केला. तो तेवढाच लांब. तिने वेग वाढवला, काटा पार पुढे गेला, झाडं सपासप मागे पडू लागली. तो चालतच होता. हात हलवत, निवांत, जेवणानंतर पाय मोकळे करायला निघाल्यासारखा... आणि तेवढाच लांब.

“फ्यूज...”

“हं.”

“तुला दिसतोय ना?”

“दिसतोय.”

“बरं झालं,” ताई हळूच म्हणाली. “मला वाटलं, माझंच काहीतरी...”

त्याने हात लांब करून स्विच बंद केला. गाडीचे नेहमीचे दिवे तेवढे उरले. रस्ता रिकामा. परत चालू केला. तो होता. ताईने रुंद जागा बघून गाडी वळवली आणि गावाकडे तोंड केलं. आता तो गावाकडे चालत होता.

घरी पोचेपर्यंत मग दोघांपैकी कुणीही त्या स्विचला हात लावला नाही. अंधारात समोर काही दिसत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी फ्यूजने दलालाच्या मागे लागून आधीच्या मालकाचा नंबर मिळवला. फोन उचलणाऱ्याचा आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, पण थकलेला होता. फ्यूजने गाडीचं वर्णन सांगितलं, बंपरचं सांगितलं.

“परत बसवलेत?” तो म्हणाला.

“हो. तेच विचारायचं होतं, तुम्ही ते का...”

“अजून किती लांब असतो?”

फ्यूज म्हणाला, “उजेड संपतो तिथे.”

“बरं,” माणूस म्हणाला. सुटल्यासारखा. “मी काढले तेव्हा मला त्याच्या शर्टाची शिवण दिसत होती.”

“पण तो आहे कोण? तुमच्या हातून काही झालं होतं का? कुणी गाडीखाली...”

“नाही हो. देवाशप्पथ नाही. मी मुंगीसुद्धा...” आणि फोन बंद झाला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

फ्यूजने ताईला सगळं सांगितलं आणि पाना घेऊनच उभा राहिला. “काढतो मी ते.”

“हात लावू नकोस.”

“ताई, वेड लागलंय का तुला?”

“मला मोरीचं वळण दिसायला हवंय. तो तिथे असला तर दिवे काढून जाणार आहे का? आपल्याला दिसायचा थांबेल, एवढंच. पोटात वासरू आडवं असलं तर मी डोळे मिटून घेते का?”

तिच्यापुढे बोलण्यात कुणाचाच टिकाव लागत नसे. दिवे राहिले. ताई डोंगरात जात राहिली, आणि येऊन सांगत राहिली. आधी घाबऱ्या आवाजात, मग नुसती बातमी दिल्यासारखी, आणि पुढे पुढे तर शेजाऱ्याची खबर सांगावी तशी.

“काल फार धुकं होतं रे. माझा हात मला दिसत नव्हता. पण तो वळला, मग मीही वळले. बघते तर मोरी.”

“तू त्याच्या मागे जातेस?”

“तो रस्ता चुकत नाही,” ताई म्हणाली. भाजी निवडताना तिने मान वर केली नाही. “त्या दिवशी एका फाट्यावर मी चुकत होते. तो थांबला.”

“थांबला? म्हणजे जवळ आला?”

“थोडा.”

फ्यूजची झोप उडाली ती तेव्हापासून. दुकानात तो भलत्याच वायरी भलत्याच जागी जोडायला लागला. एकदा एका गिऱ्हाइकाने ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला, आणि सगळे हसले. फ्यूज हसला नाही. त्याला आता कुठल्याच गाडीच्या दिव्यासमोर उभं राहवत नव्हतं.

मग एका दुपारी जेवता जेवता ताई सहज म्हणाली, “त्याच्या कॉलरला आतून ठिगळ आहे. कुणीतरी फार मायेने लावलंय. टाके किती बारीक...”

फ्यूजने घास खाली ठेवला.

ताई घटकाभर आडवी झाली तसा तो अंगणात गेला. ब्रॅकेटचे बोल्ट उन्हाने तापले होते, हाताला चटके बसत होते, तरी तो थांबला नाही. दिवे काढले, रिले काढला, वायर तोडली. टोकाला टेप गुंडाळायला घेतली. एक वेढा, दोन, आणि मग त्याला थांबता येईना. रीळ संपलं तेव्हा त्याने खाली बघितलं. वायरीच्या टोकाला लिंबाएवढा काळा गोळा झाला होता.

ताई उठून बाहेर आली आणि मोकळा बंपर बघून ओरडायलाच लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरच्या वस्तीवर गाय अडली होती.

“मी येतो,” फ्यूज म्हणाला.

“तू नाही यायचंस. माझे डोळे काढून घेतलेस, आता सोबत कशाला?” तिने बॅग मागच्या सीटवर टाकली आणि निघून गेली. सूर्य अजून झाडांच्या शेंड्यावर होता.

तो पायरीवर बसून राहिला. उजेड ओसरला, समोरचा रस्ता राखाडी झाला, मग काळा. शेजारच्या घरात ताटं वाजली, बातम्या लागल्या. त्याने फोन केला, लागला नाही. पुन्हा केला. शेवटी रस्त्याच्या टोकाला दोन पिवळे दिवे दिसले. गाडी फार हळू येत होती. आत कुणी झोपलेलं असावं आणि त्याला धक्का लागू नये, तशी.

ती अंगणात येऊन थांबली. ताईने इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

“गाय सुटली?” त्याने तिच्या खिडकीशी येऊन विचारलं. दुसरं काही विचारायचं धाडस नव्हतं.

“सुटली. कालवड झाली.”

“आणि... दिसला?”

“कसा दिसणार? दिवे कुठेत?” ताईचा आवाज अगदी खाली होता. “येताना मोरीच्या वळणावर मी गाडी जवळजवळ थांबवलीच. काही दिसत नव्हतं. आणि बेल्टचा आवाज सुरू झाला. टुंग, टुंग. सीटवर माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही की वाजतो ना, तो. शेजारच्या सीटचा.”

“बॅग असेल ठेवलेली.”

“बॅग मागे आहे.”

“सेन्सर बिघडला असेल. मी उद्या...”

“मलाही तसंच वाटलं. पण थांबेना रे. डोक्यात जायला लागला. मग मी हात लांब करून बेल्ट ओढला आणि लावला.”

“मग?”

“मग थांबला.”

फ्यूज गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याने काचेला कपाळ टेकवून आत बघितलं. डॅशबोर्डच्या मंद उजेडात सीट रिकामी होती. बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर बेल्ट लावला की तो पाठीला चिकटून सपाट पडतो, त्याने असे शेकडो बघितले होते. हा चिकटलेला नव्हता. तो मधल्या हवेत फुगून राहिला होता, आणि अगदी सावकाश थोडा वर येत होता... खाली जात होता... पुन्हा वर येत होता.