उघडा ठेवलेला टाका

सासूबाई गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. घरातले लोकरी कपडे धुवायचं काम आता सुनेकडे आलं होतं आणि खरं सांगायचं तर ती या दिवसाची वाटच पाहत होती. सासूबाई होत्या तोवर तिला बादलीच्या आसपास फिरकायची सोय नव्हती. "तू पिळशील," एवढंच म्हणून त्या स्वतःच्या बाह्या वर सारायच्या.

पण बघून बघून ती सगळं शिकली होती. पाणी कोमट, कोपर बुडवल्यावर गारही लागू नये आणि ऊनही. साबण नावापुरता. स्वेटर पाण्यात हलकेच दाबायचा, चोळायचा नाही. मग जाड टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि मागच्या खोलीत चादरीवर आडवा पसरायचा, दोन्ही बाह्या मोकळ्या करून. दोरीवर टांगला की स्वेटर लांबतो, हे तर झालंच. पण सासूबाई वर आणखी म्हणायच्या, "आणि कुणीतरी लोंबतंय असं वाटतं, बाई."

ट्रंक उपसता उपसता तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक राखाडी स्वेटर निघाला. लहान मुलाचा. विणकाम इतकं सुबक, की तिचा हात आपोआप त्यावरून फिरला. फक्त गळ्याशी एक टाका उघडा होता. तो उसवू नये म्हणून त्यात पिन अडकवलेली होती आणि लोकरीचं टोक तसंच लोंबत होतं.

"आई, हा माझा?" चिंगीने तो छातीशी लावून पाहिला. अगदी मापाचा होता.

"तुझाच असणार. या घरात एवढं दुसरं आहे कोण?"

सुनेचा ऊर भरून आला. नातीसाठी विणायला घेतला आणि एका टाक्यासाठी राहून गेला म्हणायचा! तिने सुई आणली, टाका बंद केला, टोक आतल्या बाजूने टाक्याटाक्यांतून असं फिरवलं की शोधूनही सापडू नये. आपल्याच हाताचं तिला कौतुक वाटलं. मग तोही धुतला आणि बाकीच्यांच्या रांगेत पसरून ठेवला.

दुपारी आभाळ भरून आलं. मागच्या खोलीत ओल्या लोकरीचा कुबट वास साचला. नवरा कामासाठी परगावी गेलेला; घरात या दोघीच. तेवढ्यात थोरल्या नणंदबाई आल्या. आईची शाल आठवण म्हणून हवी होती त्यांना. सुनेने मोठ्या हौशीने त्यांना मागच्या खोलीत नेलं.

नणंदबाई दारातच थबकल्या.

"तो राखाडी... कुणी पुरा केला?"

"मीच. एकच टाका राहिला होता, ताई."

"राहिला नव्हता गं. आईने ठेवला होता." त्या मटकन खुर्चीवर बसल्या. आवाज इतका खाली गेला, की सुनेला वाकून ऐकावं लागलं. "माझ्या पाठचा भाऊ. तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. तापाने फणफणला होता आणि सारखं म्हणायचा, थंडी वाजते. आई उशाशी बसून हा विणत होती. शेवटचा टाका उरला आणि तो गेला."

सुनेने वळून राखाडी स्वेटरकडे पाहिलं.

"पुढे आईने एकदा तो टाका बंद केला. मी चिंगीहून थोडी मोठी असेन. त्या हिवाळ्यात माझ्या अंथरुणात कुणीतरी गार पाय लावायचं... मी रडायचे. मग आईने टाका उघडला, तेव्हा थांबलं. 'त्याचा स्वेटर त्याच्यासाठी आहे, पण अजून व्हायचाय, असं त्याला वाटू दे,' म्हणायची." त्यांनी सुनेचा हात धरला. "उघड तो टाका. आत्ता."

दोघी चादरीशी वाकल्या. बाकीचे स्वेटर बाह्या पसरून पडले होते, तिने ठेवले होते तसेच. राखाडी स्वेटरच्या बाह्या मात्र छातीवर घट्ट दुमडलेल्या होत्या, थंडीने माणूस अंग आवळून घेतो तशा. सुनेने हात लावला आणि चटकन मागे घेतला. इतर सगळे गारढोण होते. हा गरम होता... तापलेल्या अंगासारखा.

ती टोक शोधू लागली. गळा उलटा केला, नखाने टाका न् टाका चाचपला. सापडेना. सकाळी जिचं कौतुक वाटलं होतं, ती सफाई आता तिच्या जिवावर उठली होती. खोलीत अंधारून येत होतं. पलीकडे चिंगी एकटीच खेळत होती... आणि कुणाला तरी म्हणत होती, "थांब ना, आई देईल."

ते ऐकलं आणि सुनेचा धीर सुटला. तिने सकाळी सुईबरोबर आणलेली कात्री उचलली.

"कापू नकोस!" नणंदबाई ओरडल्या.

पण कात्री चालली होती. गळ्यापासून खालपर्यंत. मग बाह्या. भीतीने तिला थांबताच येईना. शेवटी चादरीवर ओल्या लोकरीचे तुकडे उरले आणि ते हळूहळू गार पडत गेले.

"आता संपलं ना, ताई?"

नणंदबाईंनी एक तुकडा उचलून परत ठेवला. मग तुकड्यांकडे बघत म्हणाल्या, "आता त्याच्याकडे घालायला काहीच उरलं नाही गं."

शाल न घेताच त्या गेल्या.

रात्री काही झालं नाही. सून मुलीला कुशीत घेऊन जागीच राहिली. अंथरूण उबदार होतं. सकाळी कोवळं ऊन आलं, शाळेची घाई सुरू झाली, तेव्हा तिला कालच्या घाबरटपणाचं थोडं हसूही आलं. चिंगीचा लाल स्वेटर सुकला होता. तिने तो मुलीच्या डोक्यावरून घातला. चिंगीचं डोकं नेहमीसारखं गळ्यात अडकलं आणि ती आतल्या आत खिदळू लागली.

"वेळ नाही हं आता मस्तीला," म्हणत सुनेने बाहीच्या तोंडातून आपला हात आत घातला, रोज घालायची तसा, आणि मुलीचा हात धरून बाहेर ओढला. बोटं गार लागली. किंचित ओलसर.

"किती गं गारठलीस! आता दुसरा हात दे."

गळ्यात अडकलेली चिंगी आतून म्हणाली, "आई, मी अजून हात घातलेच नाहीत."

सुनेने ती बोटं सोडून दिली. पण त्या बोटांनी तिला सोडलं नाही.