गालावरचा साक्षीठिपका

"ठिपका काळाच आहे की अजून! घरी जा आणि निवांत राहा," आरोग्य केंद्राच्या डॉ. तांबोळी रेवणच्या गालाकडे पाहत म्हणाल्या.

रेवणची आई केतकी जागची हलली नाही. शेजारच्या वाडीत गोवर शिरला होता. रेवणच्या बरोबरीच्या सगळ्या बाळांचे ठिपके पांढरे पडून त्यांना लस मिळालीसुद्धा. रेवणचा मात्र काळा तो काळाच.

"मॅडम, देऊनच टाका ना लस."

"बीएस्सी झालीस ना तू? गरोदरपणी तुला दिलेलं मातृकवच बाळाच्या रक्तात असेपर्यंत लसीलाच शत्रू समजतं. लस फुकट जाते. कवच ओसरलं की ठिपका पांढरा पडतो, तेव्हाच लस. आईगणिक मुदत वेगळी, म्हणून तर बाळाच्या कातडीत हा साक्षीठिपका गोंदला. तोही तीट लावतात तिथेच, म्हणजे घरात कुरकूर नको."

"कुरकूर कसली? आयतीच तीट!" सासूबाई, गोदाक्का, म्हणाल्या. "ही मात्र रोज शाळेतून शिकवून आली की बॅटरी लावून बघते. पोराला हिचीच दृष्ट लागायची."

केतकी हसली नाही. रेवणचा गाल टेकला होता तिथे तिच्या पदरावर काळं काहीतरी लागलं होतं.

"मॅडम, ठिपका कातडीच्या आत असतो ना?"

"हो. पुसला जात नाही."

केतकीने पदराचं टोक भिजवून गाल घासला. काळं निघून आलं. खाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"आई?"

"पांढरा डाग गं तो," गोदाक्का चाचरल्या. "बायका कोड म्हणाल्या असत्या. आंघोळ घातली की काजळाचं बोट टेकवत होते."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

होळी होऊन गेली होती. डॉक्टरांनी लगेच सुई भरली. "त्या वाडीचं कोणी घरी आलं होतं?"

"काल माझी भाची आली होती," गोदाक्का पुटपुटल्या. "कडेवरून याला खाली ठेवला नाही तिने."

"कालच ना? मग लस अजून गोवराच्या पुढे पळू शकते."

रेवण कळवळून रडला.

"आता ठिपका काळा होईल तो याच्या स्वतःच्या कवचाने," डॉक्टर म्हणाल्या. गोदाक्कांनी कनवटीची काजळाची डबी काढून सुनेच्या हातात दिली.

ताप आला नाही. पुरळ उठलं नाही. केतकीची बॅटरी मात्र रोज लागायची. मग एका संध्याकाळी ठिपका काळा दिसला. तिने पदराचं टोक भिजवलं.

"मी नाही हं लावलं," गोदाक्का दारातूनच म्हणाल्या.

पदराला काही लागलं नाही. केतकी तरी घासतच राहिली.