तुळईचा रूळ

जुन्या रेल्वेच्या भरावावर एक माणूस पालथा पडला होता.

पंचफुलाच्या डोक्यावर भरली घागर, पायाखाली तापलेला फुपाटा, आणि समोर हे! गाल मातीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, हालचाल म्हणून नाही. साप चावला असणार, दुसरं काय? एकोणीस वर्षांच्या त्या भित्र्या पोरीला काय सुचलं कोण जाणे—तिनं अख्खी घागर त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

तो ताडकन उठून बसला. केसांतून पाणी निथळत होतं.

"आभाळ तर कोरडं हाय," वर बघत तो म्हणाला. "मग हे काय बरसलं?"

"तुमी... जित्ते हाव?"

"होतो आतापर्यंत. रूळ कुठून कुठं गेले होते, त्याची रेघ पाहून राहिलो होतो. डोकं खाली लावल्याबिगर दिसत न्हाई."

"रूळ तर कवाच गेले."

"गेले, पर लांब न्हाई. गावातच गेले." तो हसला. गालाला माती, मातीवर पाणी, आणि त्यात ते हसू! "मी नरसिंग. पूर्ण्याचा. लहान गाडीचं उरलंसुरलं सामान गोळा कराया रेल्वेच्या सायबानं धाडलं."

पंचफुलानं रिकामी घागर उचलली. ती उलटपावली पळाली, ती थेट घर येईपर्यंत.

सिद्धेश्वरचं धरण बांधताना दगड वाहायला ही लहान गाडी घातली होती. बाजाराच्या दिवशी तिच्यात माणसं बसत, शेळ्याही बसत. धरण झालं, गाडी गेली, आणि मागं राहिलेलं सामान हळूहळू घराघरांत शिरलं. कुणाच्या दाराला रुळाखालच्या लाकडी शिलिपाटाचा उंबरा, कुणाच्या गोठ्याला शिलिपाटाचा खांब. आणि पंचफुलाच्या घरी? अख्खा रूळ! तिचा बाप जळबा त्या गाडीवर खलाशी, म्हणजे मजूर, होता. त्यानं तो माळवदाला तुळई म्हणून घातला. डोक्यावरच्या सगळ्या मातीचा भार त्या एका लोखंडावर. तो काढला की घर बसलंच... आणि आबाच्या हातात बेड्या!

गाव घाबरलं. आणि घाबरलेलं गाव कधी एकेकटं चुकत नाही, सगळं मिळून चुकतं. पंचफुलाची माय, जनकाबाई, विहिरीवर म्हणाली, "चुना फासा गं बायांनो! पांढरं झाल्यावर लाकूड काय अन् लोखंड काय, कोण वळखतं?" झालं! दिवाळीला आळस करणारी घरंसुद्धा भर वैशाखात चुना कालवून बसली. उंबरे पांढरे, खांब पांढरे, तुळया पांढऱ्या. भिंती मात्र होत्या तशाच काळ्या.

नरसिंग लाल रंगाचा डबा नि कुंचला घेऊन घरोघर फिरू लागला. रेल्वेची वस्तू दिसली की तिच्यावर लाल पट्टा. आणि त्याला बरोब्बर दिसायची! लोक कपाळाला हात लावायचे. रोज एक गल्ली संपायची, रोज पंचफुलाची झोप कमी व्हायची.

त्यात तो दुपारी पाणी मागायला त्यांच्याच अंगणात यायचा.

"आत येऊ का? ऊन लई हाय."

"नको! आत... कोंबडी अंड्यावर बसली हाय."

"कालबी बसली होती."

"आजबी बसली."

"लई सोशिक कोंबडी हाय बाई तुमची."

तिला हसू यायचं नि घामही फुटायचा. दारातून तुळईचं टोक दिसत होतं ना! त्याची नजर वर जाऊ नये म्हणून ती दारात आडवी उभी राहायची. मोगऱ्याचा गजरा माळायची. तो बघायचा... तिच्याकडेच बघायचा... आणि मग एक नवीनच भीती तिच्या उरात धडधडायला लागली. हा माझ्यासाठी येतो की लोखंडासाठी? आणि मी? मी कुणासाठी गजरा माळते?

एका सकाळी तो पाण्याच्या वेळेआधीच आला. हातात डबा, ओठांवर हसू नाही.

"आज आत यावंच लागंल."

जळबानं हात जोडले. "चूक माझी हाय, बाबा. पर लेकराबाळांचं छप्पर..."

नरसिंगनं मान वर केली. काळ्या माळवदाखाली पांढरीशुभ्र तुळई!

"आबाला काही करू नका!" पंचफुला ओरडलीच. "मीच तुमाला भुलवलं. वर बघू नये म्हणून गजरा माळला, हसले..."

"अगं बया!" जनकाबाईनं पदर तोंडाला लावला.

"पर पहिले दोन दिवसच," पंचफुला पुढं म्हणाली. "मग... मग तुळईसाठी न्हाई."

नरसिंगनं डबा खाली ठेवला.

"मला पहिल्याच दिवशी दिसली ती," तो म्हणाला. "साऱ्या गावात नवा चुना जिथं, रेल्वे तिथं. डोळे मिटूनबी सापडलं असतं."

"मग इतके दिवस काहून आले?"

"पट्टा मारला की काम संपतं. काम संपलं की मी चाललो पूर्ण्याला." त्यानं डब्याकडं पाहिलं. "म्हणून हे घर शेवटी ठेवलं."

आणि त्यानं हात उंच करून तुळईवर लाल पट्टा ओढला.

"खोटं बोलून नोकरी करायची न्हाई मला. अन् खोटं बोलून... दुसरंबी काही नको. पर बेडी कुणालाच न्हाई, लोखंड परत आलं की सायबाचं भागतं. लाकडाची तुळई चढल्याबिगर हा रूळ हलायचा न्हाई. टेकू मी लावतो, तुळई मी चढवतो."

"अन् चढल्यावर?" जळबानं डोळे बारीक केले.

आता घाबरायची पाळी नरसिंगची होती. त्यानं ओला कुंचला सरळ खिशात घातला, नि लाल रंग त्याच्याच सदऱ्यावर पसरला.

"त्येचं... यांनी सांगावं. मी जायचं, का... आमच्या मायला बोलणी कराया आणायचं."

सगळ्यांच्या माना पंचफुलाकडं वळल्या. तिची भीती काडीचीही कमी झाली नव्हती. पण बोलायला भीती जायची वाट कोण बघतो?

"तुळई चढंस्तोवर कशाला थांबता?" ती म्हणाली. "मायला उद्याच घेऊन या."