रिकाम्या गाडीतलं ओझं

बसा रे सगळे. तो दिवा राहू दे, घालवू नका. डोळ्यांवर येत असेल तर तोंड फिरवून बसा. गोष्ट मागितलीत, सांगतो. पण ही ऐकीव नाही. आमच्या साडूभाऊंच्या बाबतीत घडलेली आहे, आणि साडूभाऊ म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. दारूचा थेंब नाही, थापा मारायची सवय नाही. इतकं कमी बोलणार की सासुरवाडीत त्यांना 'मुके जावई' म्हणायचे. बडबडे जावई कोण, ते तुम्हाला सांगायला नको.

साडूभाऊंची एक पिकअप होती, भाड्याने चालवायचे. गावापासून तासाभरावर समुद्र, आणि समुद्राला लागून लष्कराचं सरावाचं मैदान. दर हिवाळ्यात तिथे सराव चालायचा. जहाजं लांब पाण्यात उभी राहायची आणि मोठाली हेलिकॉप्टरं सागरी पायदळाची पोरं भरून मैदानात आणायची. हेलिकॉप्टर टेकलं की त्याचा मागचा दरवाजा पुलासारखा खाली पडायचा. पोरं वाकून पळत बाहेर यायची आणि गोल करून गुडघ्यावर बसायची, पाठी आत, तोंडं बाहेर. मशीन उडून जाईपर्यंत हलायचं नाही. पंख्यांचा आवाज असा की शेजारच्याने कानात बोंब मारली तरी कळू नये.

साडूभाऊंचा एकुलता एक मुलगा त्याच पायदळात होता. घरात त्याला बाब्या म्हणायचे. अडीच वर्षांपूर्वी, अशाच सरावात, धुक्याच्या रात्री एक हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात कोसळलं. बाब्या त्यात होता. बाकीच्या सगळ्यांचे देह सापडले. बाब्या सापडला नाही.

अधिकारी घरी आले, टोप्या काढून उभे राहिले. अक्का, म्हणजे बाब्याची आई, माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांना एवढंच म्हणाली, "डोळ्यांनी दाखवा. मग रडते." आणि खरंच सांगतो, त्या बाईने टिपूस काढलं नाही. स्वयंपाक करायची, कपडे वाळत घालायची, आल्यागेल्याशी बोलायची. पण रडली नाही. त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटायची.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सराव आला. कॅम्पला पाणी आणि किराणा पुरवणाऱ्या कंत्राटदाराने साडूभाऊंची गाडी लावली. मी म्हटलं, "भाऊ, कशाला जखमेवर मीठ चोळून घेताय?" तर म्हणाले, "तिथे गेलं की जवळ असल्यासारखं वाटतं."

तर तो नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. सराव दुपारीच संपला होता, जहाजं निघून गेली होती. रात्री जेवण झाल्यावर कंत्राटदाराचा फोन. मैदानात पाण्याची रिकामी पिंपं आणि ताडपत्र्या राहिल्यात, सकाळी मैदान साफ दाखवायचंय, आत्ताच्या आत्ता उचलून आणा. साडूभाऊंनी स्वेटर चढवला, अक्काला म्हणाले, "दोन-अडीच तासांत आलो," आणि निघाले.

पावणेबाराला मैदानात पोचले. फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा, त्याने हात केला. आत कुणीच नव्हतं. तंबूंच्या जागी नुसते खड्डे, पुढे गवत, त्यापुढे वाळू आणि समुद्र. आभाळ स्वच्छ होतं. साडूभाऊंनी हेडलाइट चालू ठेवले, गाडीचा मागचा फाळका पाडला आणि पिंपं हौद्यात चढवायला सुरुवात केली. शेवटी ताडपत्री. ती घडी करायला खाली अंथरली आणि तिचं एक टोक आपोआप वर उठलं.

त्यांना वाटलं, वारा सुटला.

वाराच होता. पण समुद्राकडून येत नव्हता. वरून येत होता.

गवत झोपलं. आधी त्यांच्या पायाशी, मग चहूकडे, गोल. वाळू उडून तोंडावर बसायला लागली. ताडपत्री फडफडत होती, अगदी डोळ्यांसमोर फडफडत होती... आणि तिचा आवाज येत नव्हता. कसलाच आवाज येत नव्हता. लाटांचा नाही. गाडीच्या इंजिनाचा नाही. साडूभाऊंनी वर पाहिलं. वर चांदण्या होत्या. पण मधे एवढी मोठी जागा... काळी. तिथे चांदण्या नव्हत्या.

मग त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं पळत गेली.

वाकून. एकामागून एक. अंगाला घासून गेल्यासारखी, पण स्पर्श नाही. गेली आणि गोल करून बसली. गुडघ्यावर. तोंडं बाहेर, अंधाराकडे. साडूभाऊ गोलाच्या मधोमध. सगळीकडे नुसत्या पाठी.

आता तुम्ही-आम्ही असतो तर तिथेच आडवे झालो असतो. पण बापाचं काळीज, पोरांनो. ते त्या पाठी बघत राहिले. कुठली पाठ ओळखीची वाटते का. आणि शेवटी न राहवून त्यांनी हाक मारली.

"बाब्या..."

सगळ्यांनी माना वळवल्या.

एकाने नाही. सगळ्यांनी.

...

चेहरे कसे होते, ते मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेले. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढचं त्यांना आठवतं ते केबिनमधलं. दार लावलेलं, हात स्टिअरिंगवर, दातखीळ बसलेली. वारा थांबला होता. इंजिनाचा आवाज परत येत होता. त्यांनी गिअर टाकला, आणि गाडी मागे बसली.

ज्याने पिकअप चालवली आहे त्याला कळेल. रिकामी पिंपं म्हणजे वजन काहीच नाही. पण मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरत खाली गेले आणि हेडलाइटचा झोत रस्त्यावरून उचलून झाडांच्या शेंड्यांवर गेला. गच्च माल भरल्यावर जातो तसा. आरशात हौदा दिसत होता. त्यात पिंपं होती. दुसरं काही नव्हतं.

आणि केबिनच्या टपावर थाप पडली. दोनदा. चला.

ते निघाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडथळा वर केला आणि गाडी पुढून जाताना तो एकदम ताठ उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

साडूभाऊ दुसऱ्या गिअरवर, जीव मुठीत धरून चालवत होते. पहिल्या तिठ्यावर टपावर एक थाप. त्यांनी ब्रेक दाबला. मागे कोणी उतरल्यासारखी गाडी हलली आणि झोत जरासा खाली आला. पुढे पेट्रोल पंपाशी पुन्हा थाप. पुन्हा थांबले. पुन्हा झोत खाली. मग पुलाच्या तोंडाशी. मग शाळेजवळ. ज्याचा त्याचा रस्ता आला की जो तो उतरत होता. घरी चालले होते सगळे.

भीती होतीच. पण आता त्या भीतीत एक वेडी आशा शिरली. गाव जवळ आलं. थापा बंद झाल्या. झोत अजून पुरता खाली आला नव्हता. एक जण होता. एकच होता, आणि तो उतरत नव्हता. साडूभाऊंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "बाब्या, आलंच बघ घर."

घरापुढे गाडी लावली. इंजिन बंद केलं. फाळका पाडला आणि बाजूला उभे राहिले.

"उतर, बाळा."

पाटे तसेच. दबलेले.

दार उघडलं. अक्का बाहेर आली, शाल लपेटून. "एवढा वेळ का? आणि कोणाशी बोलताय?" मग ती गाडीच्या मागे आली. हौद्याकडे पाहिलं. साडूभाऊंना तिथे पिंपांशिवाय काही दिसत नव्हतं. तिला काय दिसलं, देव जाणे. बराच वेळ पाहत राहिली.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"अगं..."

"मी जन्म दिलाय. हा आपला नाही." आणि मग हौद्याकडे तोंड करून, दारात आलेल्या पोराशी बोलावं तशी, "कुणाचा रे तू? मग इथे का आलास?"

ती ऐकत होती. मान हलवत होती. साडूभाऊंना ऐकू येत होती ती फक्त रात्र.

"याला बाब्याने पाठवलंय," ती म्हणाली. "मला न्यायला."

"वेड लागलंय तुला! घरात चल."

"तुम्ही फक्त पोचवा. नाही पोचवलंत तर चालत जाईन."

ती जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. ती चाकावर पाय देऊन हौद्यात चढली. पिंपं सरकवली आणि बसली. कुणाच्या तरी शेजारी बसतो तशी, अंग चोरून.

परतीच्या वाटेवर साडूभाऊ मागच्या काचेतून पाहत होते. ती बोलत होती. एकदा हसली. एकदा तिने शाल काढली आणि शेजारी... पांघरली. शाल खाली पडली नाही. तशीच राहिली. खांद्यांच्या आकाराची.

त्यांनी पुन्हा मागे पाहिलं नाही.

फाटक उघडं होतं. पहारेकरी नव्हता. मैदानात गाडी थांबली, आणि वारा वरून आला.

आवाज नाही. गवत झोपलं. वाळू उठली. अक्का उतरली. दोन पावलं ताठ चालली, आणि मग वाकली. कंबरेत वाकून, मान खाली घालून, पळत. तिला हे कुणी शिकवलं? तिने सराव कधी पाहिला नव्हता.

साडूभाऊ धावले. वाऱ्याने त्यांना पालथं पाडलं. तोंडात वाळू. ओरडले. स्वतःचं ओरडणं त्यांना ऐकू आलं नाही...

मग लाटा ऐकू आल्या.

मैदान मोकळं. वर चांदण्या, सगळ्या. अक्का नाही.

उरलेली रात्र ते किनाऱ्यावर पळत होते. हाका मारून घसा बसला. उजाडताना, पाण्याच्या कडेला, ती दिसली. ओल्या वाळूत बसलेली. जिवंत. कपडे कोरडे, पाय कोरडे. मागे-पुढे कुठेही पाऊल उमटलेलं नाही. आणि ती रडत होती. अख्ख्या वर्षाचं रडणं. हंबरडा फोडून.

साडूभाऊ शेजारी बसले. तिने त्यांचा हात धरला.

"भेटला," ती म्हणाली.

बस. त्या रात्रीबद्दल तिने त्यापुढे एक अक्षर काढलेलं नाही. आम्हाला नाही, नवऱ्याला नाही.

दुपारी आम्ही दोघं पोचलो. अक्काला ताप होता, अंग ठणकत होतं. माझी बायको तिला अंघोळ घालायला आत घेऊन गेली आणि थोड्याच वेळात पांढरीफटक होऊन बाहेर आली. म्हणाली, अक्काच्या अंगावर वळ आहेत. दोन्ही खांद्यांवरून खाली दोन रुंद पट्टे, कमरेच्या दोन बाजूंनी दोन, आणि चारही जिथे मिळतात तिथे पोटावर वाटीएवढा गोल. काळानिळा.

त्या हेलिकॉप्टरांवर काम केलेला एक मेकॅनिक माझ्या माहितीत आहे. मी त्याला अक्काचं काही सांगितलं नाही. कागदावर आकृती काढून नुसतं विचारलं, हे काय असेल? तो बघताक्षणी म्हणाला, "सीटचे पट्टे. बसलेल्याला बांधतात ते." मग कागद माझ्या हातात परत देताना थांबला. "पण इतके रुतायला मशीन फार जोरात आपटावं लागतं, साहेब. वाचलं का ते माणूस?"

मी कागद घडी करून खिशात घातला.

दीड वर्ष झालं त्याला. मार लागला की वळ आधी काळानिळा होतो, मग हिरवा, मग पिवळा, मग जातो. माझी बायको परवाच तिकडे जाऊन आली.

अजून काळेनिळेच आहेत.