अडुबिरा नावाची माणसं

बेकवाईच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत आब्राफीबाईंनी एकतीस वर्षं काढली होती. भुताखेतांची गोष्ट सांगायला कुणी तोंड उघडलं की त्या विचारायच्या, "नोंद कुठाय?" नोंद नसली की त्यांच्या लेखी गोष्टही नसे. माणूस जन्मला, त्याची एक ओळ. माणूस मेला, त्याची एक ओळ. मधलं सगळं ज्याचं त्यानं बघावं, असा त्यांचा खाक्या होता.

पण त्या जानेवारीत त्यांच्या स्वतःच्या घरात चार दिवसांचं बाळ होतं आणि ते दूध ओढत नव्हतं.

त्यांच्या मुलीचं, डुफीचं, हे तिसरं. पहिलं तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं सहाव्या. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तपासायचं ते सगळं तपासलं. बोट ठेवावं असं काही सापडलं नाही. आणि इकडची रीत अशी की आठव्या दिवसाच्या आत गेलेलं मूल हे मूल धरतच नाहीत. पाहुणा आला, घर पसंत पडलं नाही, परत गेला. त्याच्यासाठी रडायचं नसतं. आईबापांनी पांढरे कपडे घालून शेंगदाण्याचं सार खायचं असतं, तेही हसतमुखानं. डुफीनं ते दोनदा खाल्लं होतं. दुसऱ्या वेळी आब्राफीबाई तिच्या शेजारी बसून जेवल्या, आणि तेव्हापासून त्यांना शेंगदाण्याचा वास सहन होत नसे.

हे बाळ गुरुवारी जन्मलं होतं. मुलगी होती. येत्या गुरुवारी पहाटे तिला बाहेर आणून नाव द्यायचं होतं, तोवर राहिली तर.

"आई, हिला वाईटसं नाव ठेवू या," रविवारी डुफी म्हणाली. "मृत्यूला किळस येईल असं. शेजारणी सांगताहेत."

"नावानं बाळं जगत असती तर दवाखाने कशाला बांधले असते?"

"तुझ्या वह्यांत बघ तरी. तुझा जीव त्यांच्यातच असतो ना सगळा?"

हा टोला बाईंना बरोबर लागला. सोमवारी कचेरीत पाऊल टाकल्या टाकल्या त्या कारकून टाचींच्या टेबलाशी जाऊन बसल्या. जुन्या वह्या संगणकावर चढवायचं काम टाचींकडे होतं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. टाची दर दहा मिनिटांनी फडक्यानं कळफलक पुसत आणि दर दहा मिनिटांनी त्याच्यावर पुन्हा लाल धूळ बसे.

"मूल जगावं म्हणून ठेवलेली नावं काढा," बाई म्हणाल्या. "उकिरडा, गुलाम, थांब, परत-जाऊ-नको, सगळी. किती जन्मले, किती मेले, ते मला बघायचंय."

अर्ध्या तासात उत्तर आलं. उकिरडा नावाची माणसं इतरांसारखीच मरत होती. गुलाम नावाची जरा लवकरच. बाईंना आपलं खरं झाल्याचं समाधान वाटलं आणि लगोलग त्या समाधानाची लाज वाटली.

"हे एक राहिलं," टाची म्हणाले. "अडुबिरा."

"हे कसलं नाव?"

"अर्थ लागत नाही. मी आयुष्यात ऐकलं नाही. पण प्रत्येक नोंदीच्या समासात लिहिलंय, 'आधीची भावंडं गेलेली.' चौदा जन्म आहेत. चार जिल्ह्यांत मिळून चौदाच."

"आणि मृत्यू?"

"शून्य."

"एखादी वही गहाळ झाली असेल."

"चारही जिल्ह्यांची?" टाची हसले. "या लोकांना मरायला सवड मिळालेली दिसत नाही, बाई."

सगळ्यात जुनी नोंद एका मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून उतरवून घेतलेली होती. साल अठराशे एकोणऐंशी. मुलीचं नाव एकोना अडुबिरा.

दुपारभर बाईंनी मृत्यूच्या वह्या स्वतः चाळल्या, बोट ठेवून, ओळ न ओळ. कुठं शाई फिकी झाली होती, कुठं वाळवीनं कोपरा खाल्ला होता, पण ते नाव कुठंच नव्हतं. चार वाजता त्यांनी टाचींना डुंकवाच्या कचेरीत फोन लावायला सांगितलं, कारण शेवटच्या बऱ्याच नोंदी तिकडच्या होत्या. टाची हसत बोलू लागले आणि हळूहळू त्यांचं हसू ओसरलं.

"तो म्हणतो, तिथं जुन्या स्टेशनमागे एक घर आहे. त्या नावाचे बहुतेक सगळे तिथंच राहतात."

"बहुतेक सगळे?"

"असं म्हणतो. आणि तो विचारत होता..." टाचींनी फोन खाली ठेवला. "बाईंच्या घरी तान्हं बाळ आहे का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी कशाला काही सांगू?"

मंगळवारी सकाळी भाड्याच्या व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसून निघालेल्या बाई दुपारी डुंकवाला पोचल्या. सोनं खणणाऱ्यांनी नदीच्या पाण्याचा पार दुधाळ चहा करून टाकला होता. स्टेशनात वर्षानुवर्षं गाडी आली नव्हती. रुळांवर गवत माजलं होतं आणि फलाटावर शेळ्या बसल्या होत्या. मागचं घर चारचौघांच्या घरांसारखंच होतं. पिवळा रंग, पत्र्याचं छप्पर, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. चादरी मात्र फार होत्या. आब्राफीबाईंनी सवयीनं मोजल्या, बावीस भरल्या.

दार उघडणारी बाई पन्नाशीची होती. हातात मक्याच्या पेजेचं भांडं आणि एक चमचा. तिचं नाव आरबा. ती त्या घरात सून म्हणून आली होती आणि नवरा वारल्यावर तिथंच राहिली होती.

"कचेरीतून आलात की घरून?" तिनं विचारलं.

"कचेरीतून. काही नोंदी तपासायच्या आहेत."

"सगळे पहिल्यांदा असंच सांगतात. या."

आत लांबलचक खोली होती. भर दुपार होती, वरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता, खिडक्या सताड उघड्या होत्या. कापराच्या मलमाचा आणि पेजेचा वास येत होता. भिंतीच्या कडेनं चटया अंथरलेल्या होत्या आणि प्रत्येक चटईवर चादरीखाली एकेक लहानसं माणूस. अकरा. बाईंना आधी वाटलं, मुलं झोपली आहेत. मग जवळच्या चादरीवरचा सुरकुतलेला हात त्यांना दिसला.

"तिघं बाहेर आहेत," आरबा म्हणाली. "तरुण आहेत अजून, धडधाकट. कुमासीला नोकऱ्या करतात. त्यांना इथं यायला वेळ आहे."

"यांचं वय..."

"तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना. आम्हाला नाही आठवत." ती एका चटईशी टेकली आणि चमचा पुढे केला. "हे क्वांडोह काका. एकोणीसशे अडतीस साली गाडीखाली आले. हा चेहरा आणि हा हात बघा, चांगला आहे. बाकीचं मी दाखवत नाही."

काकांनी पेज गिळली. डोळे स्वच्छ होते. त्यांनी आब्राफीबाईंना मान हलवून नमस्कार केला.

बाई मनात वह्यांची पानं उलटत राहिल्या, इथं चुकीची तारीख, तिथं एकाच नावाची दोन माणसं, आजीच्या नावावर नात. काहीतरी असणारच. पण अकरा चटयांवरून अकरा जोडी डोळे त्यांच्याकडे बघत होते आणि एकही डोळा मिटत नव्हता.

"जवळ ये गं," टोकाच्या चटईवरून आवाज आला. "मला ओरडवत नाही."

ती एकोना, सगळ्यात जुन्या नोंदीतली. पाच वर्षांच्या मुलीएवढी उरली होती. कातडी इतकी पातळ की आब्राफीबाईंना तिकडे बघवेना, म्हणून त्या चटईकडे बघत खाली बसल्या.

"तुमचं हे नाव, आजी. कुठून आलं?"

"माझ्या आईची पाच गेली. सहावी मी. घरातल्या कुणाचं नाव दिलं की ते माणूस पलीकडून मुलाला बोलावून घेतं, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून कुणाचंच नसलेलं नाव आणायला ती गेली."

"कुठं गेली?"

"ते तिनं सांगितलं नाही. तीन दिवस नव्हती. परत आली ती हे नाव घेऊन आली. पण तिला तिचं स्वतःचं नाव आठवेना. मरेपर्यंत नाही आठवलं." म्हातारी थांबली. श्वास घ्यायला थांबली असं बाईंना वाटलं, पण छाती हलत नव्हती. "तुझ्या घरी कोण आजारी आहे?"

बाईंनी चटईची सुटलेली काडी आत खोचली.

"कितवा दिवस?"

"सहावा," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

खोलीत सगळ्या चादरी एकदम सळसळल्या. अकराही जण त्यांच्याकडे वळायचा प्रयत्न करत होते.

"देऊन बघ," एकोना म्हणाली. "आमचं नाव देऊन बघ, पोरी."

बाई उठून अंगणात आल्या. आरबा चादरी काढू लागली होती.

"म्हणजे या नावानं मूल जगतं," बाई म्हणाल्या.

"जगतं की. चौदाच्या चौदा जगलेत." आरबानं चादरीची घडी हनुवटीखाली धरली. "पण त्या तुम्हाला नाव का देताहेत, ते कळलं का? बाळ जगावं म्हणून नाही हो. पलीकडे या नावाचं कुणीच नाही. यांना ओळखणारं, हात धरून आत घेणारं कुणी नाही. यांच्यातलं एक जरी तिकडे गेलं, तर बाकीच्यांची वाट मोकळी होईल, असं त्यांना वाटतं. म्हणून जे बाळ मरायला टेकलेलं असतं, त्यालाच नाव देतात. प्रत्येक वेळी वाटतं, हे तरी जाईल."

"आणि?"

"एकही गेलं नाही. तुमचा नंबर देऊन ठेवा. त्या विचारत राहतात, मला झोपू देत नाहीत."

नंबर द्यायचा नाही असं ठरवून बाईंनी नंबर दिला.

परतीच्या वाटेवर त्यांनी निश्चय केला. हे नाव घरात उच्चारायचं नाही. मूल जावं, पण हे नको. बुधवारभर त्या निश्चयाला धरून होत्या. डुफीनं दोनदा विचारलं, "वह्यांत काही सापडलं?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "काही नाही."

गुरुवारी पहाटे अंगणात धुकं आणि धूळ एक झाली होती. जावयाचे काका पाण्याची वाटी आणि दारूची वाटी घेऊन स्टुलावर बसले होते. नातलग पांढऱ्या कपड्यांत उभे होते. हे पांढरे कपडे कशासाठी ठरतील, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

डुफीनं बाळाला बाहेर आणलं. बाळाचे ओठ निळसर झाले होते. श्वास येत होता, मग येत नव्हता, मग येत होता.

मूल खरं बोलणारं व्हावं म्हणून काकांनी रीतीप्रमाणे बोट पाण्यात बुडवून बाळाच्या जिभेला लावलं. "पाणी म्हणालीस तर पाणीच म्हण." मग दारूचं बोट. "दारू म्हणालीस तर दारूच म्हण." जीभ हलली नाही.

"नाव?" काकांनी जावयाला विचारलं. नाव ठेवण्याचा मान बापाचा.

न्टिम, जावई, मान खाली घालून उभा होता. "आई, तुम्ही सांगा," तो आब्राफीबाईंना म्हणाला. "मी ठरवलेली नावं दोनदा वाया गेली."

श्वास आला नाही.

डुफीनं आईकडे बघितलं. काही मागितलं नाही. नुसतं बघितलं.

आब्राफीबाईंना सगळं ठाऊक होतं. चटया ठाऊक होत्या, चादरीखालचं न दाखवलेलं ठाऊक होतं. आपण त्या मुलीचं काय करतोय, हेही त्यांना लख्ख कळत होतं. पण लेकीच्या शेजारी बसून ते सार तिसऱ्यांदा गिळणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

"अडुबिरा," त्या म्हणाल्या.

काकांनी भुवया उंचावल्या, पण नाव बाळाच्या कानात सांगितलं.

बाळ रडलं. आठ दिवसांत पहिल्यांदा, चांगलं खणखणीत. डुफी मटकन खाली बसली आणि तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, तिला पदराखाली घेतलं. न्टिम हसत होता, रडत होता, काकांच्या पाया पडत होता.

दुपारी फोन वाजला.

"मी आरबा. त्या विचारताहेत, नाव दिलंत का?"

"दिलं."

"मग? गेलं?"

आतल्या खोलीतून डुफीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. "नाही," बाई म्हणाल्या. "दूध पितंय."

आरबानं मागे वळून कुणाला तरी ते सांगितलं. मग फोनमधून रडणं ऐकू येऊ लागलं, बारीक, कोरडं, एकाचं नव्हे, सगळ्यांचं. बाईंनी फोन कानापासून दूर धरला, पण ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं आरबा पुन्हा बोलू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारणीनं शेजारणीला घरातलं काही समजावून सांगावं, तसं ती सांगत होती.

"तुमच्यामागं तिला भरवायला कोण, ते आत्तापासून ठरवून ठेवा, ताई. मग त्यांच्यामागं कोण. मग त्यांच्यामागं."